कोकणात आमरी वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या खळ्याकडेच्या फणसावर सीतेची वेणी ही आमरी फुलते. नेमके तेव्हाच चाकरमानी गावी आलेले असतात. त्यामुळे दर वर्षी वीस-पंचवीस माणसं त्या फणसाखाली उभी राहून मला तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं सिंधुदुर्गातल्या हवेत पंधराएक वर्षं झाडं जगवून आणि बरीचशी मारून मिळालेली आहेत.

आमरी म्हणजेच ऑर्किड का?

हो. ऑर्किडच्या कुळाला मराठीत आमर-कुल म्हणतात, त्यावरून आमरी. जगात या कुळातल्या सुमारे २८,००० जाती आहेत आणि भारतात साडेबाराशेच्या आसपास. ओळखायची खूण फुलात असते. बाहेरची तीन दलं, आतल्या तीन पाकळ्या, आणि त्या तिनांतली एक पाकळी बाकीच्यांहून निराळी, ओठासारखी पुढे आलेली. किडा याच ओठावर उतरतो. परागही इतर फुलांसारखे भुकटी होऊन उडत नाहीत. त्यांचे गोळे असतात आणि ते अख्खेच्या अख्खे किड्याच्या अंगाला चिकटतात.

झाडावर वाढते, म्हणजे बांडगूळच ना?

नाही. या एका गैरसमजापायी कोकणातल्या कलमांच्या बागांतून किती आमरी कोयत्याखाली गेल्या असतील, त्याला गणती नाही.

आमच्याकडेच घडलेली गोष्ट. बाग साफ करायला आलेले काका रायवळ आंब्यावर चढले आणि वरून ओरडले, ‘ता बांडगूळ आसा गो, काढून टाकतंय!’ मी खळ्यातून धावत बागेत पोचेपर्यंत सुपाएवढा झुबका धप्पकन खाली आला होता. जाड, कडक पट्ट्यांसारखी पानं आणि बोटभर जाडीच्या मुळांचं जाळं. ती अकॅम्पे होती, आपल्या आंब्या-फणसांवर सर्रास दिसणारी पिवळ्या फुलांची, त्यावर तांबूस पट्टे असलेली आमरी. काकांना खाली बोलावून आंब्याची साल दाखवली. मुळं जिथे चिकटलेली होती तिथे सालीवर फक्त पुसटसे माग उमटले होते. आत एकही भोक नव्हतं.

बांडगुळाचं तसं नसतं. त्याचं मूळ फांदीच्या आत शिरून झाडाचा रस ओढतं, म्हणून सांध्याजवळ फांदी गाठीसारखी सुजते आणि पुढचं टोक वाळत जातं. ते कापायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. आमरी मात्र झाडावर नुसती बसायला येते. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, खाणं सालीच्या फटीत साचलेल्या पाल्यापाचोळ्याचं. आंब्याचं ती काही घेत नाही. तेव्हा कोयता चालवण्याआधी सांधा बघा. गाठ असेल तर बांडगूळ, नुसती वेटोळी मुळं असतील तर आमरी.

तो झुबका मी सुंभाने कुंपणाच्या खांबाला बांधला. तिसऱ्या वर्षी फुलला. आता काकाच इतरांना तो दाखवतात.

आमरीचे मुख्य प्रकार कोणते?

पुस्तकं फुलांवरून वर्गवारी करतात. वाढवणाऱ्याने मुळांवरून करावी. मुळं कुठे राहतात हे एकदा कळलं की पाणी, कुंडी, जागा या सगळ्याची उत्तरं आपोआप मिळत जातात.

पहिला प्रकार झाडावरच्यांचा. सीतेची वेणी, वांडा, डेंड्रोबियम, अकॅम्पे, सिंबिडियम या सगळ्या त्यातल्या. बाजारात मिळणारी फॅलेनॉप्सिसही यातलीच. यांच्या मुळांना हवा लागते. ओली व्हावीत आणि काही तासांत सुकावीत, अशी त्यांची सवय असते. झाडावरच्याच काही जाती खडकावरही वाढतात. घाटाच्या अंगाला शेवाळलेल्या कातळावर ठाण मांडलेल्या आमरी आंबोलीच्या वाटेवर बघायला मिळतात.

दुसरा प्रकार जमिनीतल्यांचा. यांना कंद असतो. सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळावर, पाऊस पडला की कंदातून पान आणि दांडा वर येतो, गणपतीच्या आसपास फुलं होऊन जातात आणि दिवाळीनंतर वर काहीच शिल्लक राहत नाही. उरलेले महिने कंद जांभ्याच्या फटीतल्या चिमूटभर मातीत झोपून काढतो. हबेनारियाच्या बहुतेक जाती अशाच. उन्हाळ्यात सडा बोडका दिसतो, म्हणून ‘पडीक’ समजून त्यावर जेसीबी फिरवला जातो. खाली काय झोपलंय हे तेव्हा कोणाला दिसत नाही.

तिसऱ्या प्रकारच्या आमरींना हिरवं पानच नसतं. दाट रानात, कुजक्या पाल्यात, बुरशीकडून अन्न मिळवून त्या जगतात. घरी लावायचा विचारही नको.

ती वाढते कशी?

आपल्याकडे हे माड आणि हळद दाखवून लगेच समजावता येतं.

काही आमरी माडासारख्या असतात. शेंडा एकच, तोच वर वर जात राहतो, पानं दोन्ही बाजूंना येतात आणि फुलांचे दांडे पानांच्या बगलेतून निघतात. वांडा, सीतेची वेणी, फॅलेनॉप्सिस या तशा. माडाचा कोंब भुंग्याने खाल्ला की माड गेला, तसंच यांचा शेंडा कुजला की झाड बहुतेक वेळा जातं. क्वचित बुडातून पिल्लू फुटतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

बाकीच्या हळदीसारख्या. आडवं खोड कुंडीच्या पृष्ठभागावरून सरकत जातं आणि दर मोसमात पुढे एक नवा कोंब काढतं. डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम, सिंबिडियम या तशा. कोंब फुगून त्याची कांडी किंवा गाठ होते आणि तिच्यात पाणी व अन्न साठतं. जुन्या कांड्या पानं गळून सुरकुततात, म्हणून लोक त्या कापून टाकतात. कापू नका. नवा कोंब त्या शिदोरीवरच पोसला जातो. पार वाळून तपकिरी झालेलीच तेवढी काढा.

कुंडीत ठेवतानाही याचा उपयोग होतो. हळदीसारखी वाढणारी असेल तर जुना भाग कुंडीच्या कडेला टेकवा आणि नव्या कोंबासमोर मोकळी जागा सोडा. माडासारखी असेल तर मधोमध लावा.

मुळं कुंडीबाहेर लोंबताहेत आणि पांढरी पडलीत. आजारी आहे का?

उलट, ठणठणीत आहे. झाडावरच्या आमरीच्या मुळाभोवती मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी-पांढरं दिसतं. त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि बघत राहा. मिनिटाभरात मूळ हिरवं होतं, कारण पाणी शोषल्यावर आवरण पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसू लागतो. हो, ही मुळं पानांसारखं थोडंफार अन्नही तयार करतात.

पाणी घालायची वेळही हाच रंग सांगतो. पांढरी म्हणजे घाला, हिरवी म्हणजे थांबा. तपकिरी, मऊ आणि चिमटीत दाबल्यावर साल सुटून आतला दोराच हातात येत असेल, तर ते मूळ कुजलेलं आहे.

आपल्या रानात कोणत्या दिसतात आणि केव्हा?

शिमग्याच्या आधी, थंडी सरता सरता, डेंड्रोबियम बार्बाट्युलम. पानं सगळी झडलेली आणि उघड्या काड्यांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ. खालून बघणाऱ्याला वाटतं, वाळक्या काटक्यांना कोणीतरी फुलं बांधली आहेत. तिची बहीण डेंड्रोबियम ओव्हाटम फिकट पिवळसर.

उन्हाळ्यात सिंबिडियमचे लोंबते घोस. जुन्या झाडांच्या ढोल्यांत आणि बेचक्यांत बघा.

मे-जून हा खरा हंगाम. सीतेची वेणी म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा. वीतभराहून लांब, जाडजूड घोस आणि त्यावर जांभळट ठिपक्यांची शंभरावर फुलं. आसाममध्ये हिलाच कोपौ फूल म्हणतात, बिहूला बायका ती केसांत माळतात आणि ती त्या राज्याचं राज्यफूलही आहे. तिच्याच आगेमागे एरिडिस मॅक्युलोसा गुलाबी फुलते. तिला वास आहे, तोही सुरेख.

मिरगाचा पहिला पाऊस झाला की जमिनीतल्या जाग्या होतात. नर्व्हिलिया आधी फूल काढते, ते गेल्यावर एकच पान काढते. त्यामुळे पान आणि फूल एकत्र पाहिलेला माणूस विरळा. जिओडोरमचा फुलोरा हातातल्या काठीच्या मुठीसारखा खाली वाकलेला असतो. फळ धरलं की तोच दांडा सरळ होतो, वारा लागून बी लांब जावं म्हणून. जुलैपासून सड्यांवर पांढऱ्या हबेनारिया. त्यांतल्या काहींच्या फुलामागे लांब नळी असते, मध तळाशी. रात्री येणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांचं ते काम. मादागास्करच्या एका आमरीची अशी फूटभराची नळी पाहून डार्विनने १८६२ मध्ये लिहिलं होतं की तेवढ्या सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. तो सापडून त्याला नाव मिळालं १९०३ मध्ये.

रानातून एखादी आणून लावली तर?

आणू नका. वनखात्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय रोप काढणं गुन्हा आहे. शिवाय मूळ सालीला इतकं घट्ट धरलेलं असतं की काढताना ते तुटतंच, आणि आणलेलं झाड बहुतेकदा वर्षभरात मरतं. वादळात पडलेल्या, विकत दिलेल्या किंवा तोडायला काढलेल्या आपल्याच बागेतल्या झाडावरची आमरी मात्र अवश्य वाचवा. खाली पडून राहिली तर ती कुजणारच असते.

बी लावून येते का? ऑनलाइन पाकिटं मिळतात.

ती पाकिटं घेऊ नका. पाकिटात रंगीत चित्राखाली दिसण्याजोगा, चिमटीत धरता येणारा दाणा असेल, तर ते बी आमरीचं नव्हेच. आमरीचं बी धुळीसारखं असतं. एका बोंडात लाखांनी, फुंकर मारली तरी उडून जाणारं. नारळात रोपाला महिनोन्‌महिने पुरेल इतकं खोबरं असतं. या बियात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. विशिष्ट बुरशी येऊन तिने अन्न पुरवलं तरच ते रुजतं. लाखांतलं एखादं जगतं. १९२२ मध्ये लुइस नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर (समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीवर), बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवलं. रोपवाटिकांतल्या बाटल्यांमधली रोपं त्याच वाटेने आली. बाटलीतून फुलापर्यंत यायला तीन-चार वर्षं सहज जातात, म्हणून रोप विकत घ्यावं, तेही शक्यतो फुलावर आलेलं.

पहिल्यांदा लावतोय. कोणती घेऊ?

स्पॅथोग्लॉटिस. लोक तिला ग्राउंड ऑर्किड म्हणतात. भुसभुशीत मातीत येते, वर्षातले बरेच महिने फुलते आणि चुका पोटात घालते. तिच्यानंतर डेंड्रोबियमचे जांभळे-पांढरे संकर. दमट उकाडा त्यांना मानवतो आणि अर्ध्या सावलीच्या जाळीखाली छान चालतात. उघड्या उन्हाची जागा असेल तर पेन्सिलसारख्या गोल पानांची वांडा आणि वांडाचाच एक संकर असलेली मोकारा. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल असलेली वांडा मिस जोकिम याच पेन्सिलपानी घराण्यातली. खारा दमट वारा, सततचा उकाडा, सगळं आपल्यासारखंच.

फॅलेनॉप्सिस दिसायला सर्वांत देखणी, फुलं दोन-तीन महिने टिकतात. पण तिला पडवीतली सावली हवी आणि पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून राखण. सिंबिडियमचे मोठ्या फुलांचे डोंगरी संकर किनाऱ्यावर आणू नका. त्यांना थंड रात्री लागतात. सिक्कीमला बहरतात, वेंगुर्ल्याला नुसती पानं काढतात.

कुंडीत माती कोणती घालू?

झाडावरच्या जातींना कुठलीच नाही.

मी पहिलं डेंड्रोबियम आणलं तेव्हा मोठी प्लास्टिकची कुंडी घेतली, तांबडी माती चाळून घातली, वर दोन मुठी शेणखत, आणि रोज संध्याकाळी झारीने पाणी. माझ्या हिशेबाने मी लाडच करत होते. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली. उपसून पाहिलं तर मुळं उकडलेल्या शेवग्याच्या सालींसारखी झाली होती आणि गटारासारखा वास येत होता.

आता मी लाकडी कोळशाचे सुपारीएवढे तुकडे, फुटक्या कौलांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एकत्र करून घालते. सोडण आधी आठ-दहा दिवस पाणी बदलत भिजवायचं, म्हणजे त्यातला तांबडा अर्क आणि खार निघून जातो. कुंडी मातीची, बाजूंनाही भोकं असलेली, आणि झाडाच्या मानाने लहानच. दोन वर्षांनी सोडण कुजून भुगा झाला की बदलायचं. वांडाला तर तेही नको. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत नुसती लटकवा.

दुकानातून आणलेल्या झाडाच्या मुळांशी ओलं शेवाळ गच्च दाबलेलं असतं. फुलं संपली की ते काढा. आपल्या हवेत ते सुकतच नाही.

पाणी किती घालू?

वर मुळांचा रंग सांगितला, तोच हिशेब. उन्हाळ्यात टांगलेल्या वांडाला रोज, डेंड्रोबियमला एक-दोन दिवसांआड, फॅलेनॉप्सिसला चार-पाच दिवसांनी. सकाळीच घाला, रात्री पानं कोरडी हवीत. झाडावरच्या पुष्कळ आमरी दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि हवेची देवाणघेवाण रात्री करतात, म्हणून कडक उन्हातही त्या तग धरतात.

खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी मात्र चालत नाही. मुळांची टोकं काळी पडू लागली की समजा, पाण्यात खार आहे. पागोळीचं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही. पहिल्या दोन पावसांचं सोडून द्या, त्यात कौलांवरची धूळ असते. समुद्र अगदी जवळ असेल तर वाऱ्याबरोबर येणारा खार पानांवर बसतो. अधूनमधून पानं गोड्या पाण्याने धुवा.

पावसाळ्यात काय करायचं?

आपल्याकडच्या आमरी उन्हाने फार मरत नाहीत, पावसाने मरतात. तेही पाण्याने नव्हे, वारा नसलेल्या पाण्याने.

उघड्यावर टांगलेली वांडा तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेऊन खूश राहते, कारण पाऊस थांबला की वारा तिला सुकवतो. तेच झाड भिंतीला चिकटवून, चार कुंड्यांच्या गर्दीत ठेवलं तर आठवड्यात काळं पडतं. कुंड्या जमिनीवरून उचला, दोन कुंड्यांत हातभर अंतर ठेवा, डेंड्रोबियमवर जाळीखाली पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर घाला. फॅलेनॉप्सिस पडवीत आणा आणि कुंडी थोडी कलती ठेवा, म्हणजे शेंड्याच्या खळग्यात पाणी साचणार नाही. मी एकदा दोन कुंड्या पागोळीखाली विसरले. चौथ्या दिवशी पान धरलं तर शेंडा पानासकट हातात आला.

काळा, पाणचट डाग दिसला की निरोगी भागातून थोडं आतपर्यंत कापा, जखमेवर दालचिनीची पूड दाबा आणि दोन दिवस पाणी बंद. सुरी प्रत्येक झाडामागे आचेवर धरायची. रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा, कारण गोगलगायी कोवळी मुळं आणि कळ्या याच दिवसांत फस्त करतात.

आंब्यावर किंवा माडावर बांधायची असेल तर?

मिरगाच्या सुमाराला बांधा. पुढचे चार महिने पाणी घालायचं काम पाऊस करतो आणि तेवढ्यात मुळं साल धरतात. खडबडीत सालीचं झाड निवडा: आंबा, फणस, किंजळ, ऐन. साल सोडणारा पेरू नको. बुंध्याची पूर्वेची बाजू बरी, दुपारचं ऊन चुकतं. सुंभ किंवा जुन्या सुती साडीची पट्टी वापरा. तांब्याची तार नको, आमरीला ती विषारी पडते. झाड हलता कामा नये. जरा जरी डुलत राहिलं तरी मुळांची नवी टोकं घासून तुटतात आणि वर्ष फुकट जातं. माडावर चालतं, फक्त वरून चुडत (वाळकी झावळी) पडणार नाही अशी जागा बघा.

खत?

थोडं थोडं, पण नियमित. १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर फवारून. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुवून काढा.

पानं हिरवीगार आहेत, पण फूल येत नाही.

पानं फारच हिरवीगार असतील तर तेच कारण आहे. उजेड कमी पडतोय. पुरेशा उजेडात पान जरा पोपटीकडे झुकतं. तांबूस झालं तर ऊन जास्त. कुंडी एकदम उन्हात ठेवू नका, पानं भाजतात. दर आठवड्याला हातभर सरकवा.

फॅलेनॉप्सिसला उजेडाबरोबर रात्रीचा गारवाही लागतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा वीसच्या खाली येतो, तेव्हा ती खिडकीबाहेर ठेवा. महिन्या-दीड महिन्यात दांडा दिसू लागतो.

व्हॅनिला पण आमरीच ना? आगरात होईल?

होय, वेलीसारखी वाढणारी आमरी, मूळची मेक्सिकोची. पोफळीच्या सावलीत, गिरिपुष्पावर चढवून ती आपल्याकडे वाढते. अडचण परागीभवनाची. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्या वेळात प्रत्येक फुलाचं परागीभवन हाताने, काडीने करावं लागतं. ही युक्ती १८४१ मध्ये रेयुनियन बेटावर एदमों आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने, मग महिनोन्‌महिने वाफवणं-सुकवणं. वीसेक वर्षांपूर्वी दर आभाळाला भिडले आणि आपटले, तेव्हा दक्षिणेतल्या पुष्कळ बागायतदारांचे हात पोळले. हौसेने चार वेल लावा. त्यावर कर्ज काढू नका.

वांडाचं मूळ म्हणजेच आयुर्वेदातली रास्ना का?

काही भागांत वांडा टेसेलाटाची मुळं त्या नावाने विकली जातात. पण रास्ना म्हणून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती वापरतात. सांधे दुखतात म्हणून झाडावरची आमरी ओरबाडू नका, वैद्यांना विचारा.

फुलं गळाल्यावर दांडा कापायचा का?

जातीवर आहे. फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा, बऱ्याचदा तिथून नवी फांदी फुटते. दांडा पिवळा पडला तर बुडापासून. डेंड्रोबियमचा वाळलेला दांडा काढा, पण खालची कांडी ठेवा. तिच्या पेरावर कधी मुळांसकट पिल्लू फुटतं. मुळं दोन बोटं लांब झाली की पिल्लू अलगद काढून वेगळ्या कुंडीत लावा. माझ्याकडची निम्मी डेंड्रोबियम अशीच आलेली आहेत, आणि मे महिन्यात येणाऱ्यांच्या हाती मी तीच देते, कोळशाच्या पुडीसकट.